कोकिळाबाईचा लसूणघास

लहाने घराण्यात माणूस गेलं की वर्षाच्या दिवशी गायीला घास घालायचा, आणि तो एकेकट्यानं. ही रीत कुठून आली ते सिंधूआत्याला विचारायची सोय नाही. "आपल्यात हाये, झालं!" एवढंच ती म्हणते आणि वर असं बघते, की विचारणाऱ्यानंच काही पाप केलं. आंघोळ करायची, चपला बाहेर काढायच्या, एकट्यानं कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जायचं, गायीच्या तोंडाशी घास धरायचा आणि गेलेल्या माणसाशी जे बोलायचं राहिलं असेल ते बोलून घ्यायचं. बाकीच्यांनी अंगणाच्या पल्याड थांबायचं. कान द्यायचा नाही, मागून विचारायचं नाही. एरवी एकमेकांच्या घरात काय शिजलं याच्या चौकशा करणारी ही माणसं, पण ही एक रीत इमानदारीनं पाळतात. आणि घास होईपर्यंत त्या दिवशी गायीनंही उपाशी राहायचं. गायीला कुणी विचारलं नव्हतं, पण ते असो.

कोकिळाबाईंना जाऊन आज वर्ष झालं होतं. जानेफळपासून थोडं आत, मळ्यातल्या घरात त्यांचे यजमान कारभारी वर्षभर एकटेच होते. सोबतीला भुरी गाय आणि विहिरीजवळचा लसूणघासाचा तुकडा. तो तुकडा कोकिळाबाईंनी लावलेला. कापला की महिनाभरात पुन्हा गुडघ्याएवढा, असा सोन्यासारखा चारा. श्राद्ध हे वरवरचं होतं. मनातून सगळे आले होते ते कारभारींचं काय करायचं ते ठरवायला. थोरला गोकुळ पुण्याहून गाडी घेऊन आला होता आणि गाडीत मागची सीट बापासाठी रिकामी ठेवून आला होता.

"भुरीले कुटार टाकतो थोडं," सकाळी कारभारी म्हणाले.

"खबरदार!" सिंधूआत्या गरजली. कारभारींची ही थोरली बहीण मेहकरला राहत होती, तरी मळ्यात पाऊल टाकलं की सगळा कारभार हिचा. "घास होऊ दे पह्यले. गनेश, जाय, कोकिळेच्या वाफ्यातला घास कापून आन. चांगला हिरवागार आन, भाराभर."

धाकटा गणेश विळा घेऊन गेला. थंडीचे दिवस, दवानं वाफे नुसते निथळत होते. त्यानं ओलाच भारा कापून कोठ्याच्या तोंडाशी आणून टाकला. तो काही अडाणी शेतकरी नव्हे. गावात राहून सगळं रान तोच करत होता. पण ट्रॅक्टर घेतल्यापासून त्याच्या दारात जनावर नव्हतं, आणि घासाचं सगळं माय बघायची. माय घास आदल्या दिवशी कापायची, पसरून सुकवायची, मग सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, कालवून टाकायची. कोवळा ओला लसूणघास उपाशी पोटी गेला की गाय फुगते. हे त्या मळ्यात आता एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आधी आत्या गेली, मग गोकुळ, मग गणेश. कारभारी नेहमीसारखे रानात कुठंतरी असतील, असंच सगळ्यांनी धरलं. मग प्रेरणाची पाळी आली.

गोकुळची बायको प्रेरणा पुण्यातच वाढलेली. गाय तिनं इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. भुरीनं मान पुढे केली तशी ती दोन पावलं मागे सरकली, मग धीर करून एक पेंढी उचलून धरली. भुरीनं ती हिसकावूनच घेतली. बिचारी किती भुकेजलीय, असं प्रेरणाला वाटलं, म्हणून तिनं आणखी एक दिली.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दर दिवाळीला वाळलेल्या घासाचा चुरा पाठवायचात ना माझ्या कुंड्यांना, त्यावर माझा गुलाब असा फुलायचा की शेजारीण येऊन बघायची. यंदा कुणी पाठवलाच नाही. मीही मागितला नाही. कुणाला मागणार?" तिनं आणखी घास उचलला. "खरं सांगू का? बाबा आलेले मला नकोयत असं नाही. पण दोन खोल्या आहेत हो आमच्या. हे सकाळी जातात ते रात्री येतात. दिवसभर बाबा आणि मी काय बोलणार? ते गॅलरीत बसून राहतील आणि मी आत. मला भीती वाटते, आई. एवढं मी ह्यांनाही सांगितलं नाही."

बोलताना ती घालतच गेली. बोलणाऱ्याच्या हाताला काहीतरी चाळा लागतोच ना!

शेवटी पुष्पांजली आत गेली. गोकुळच्या पाठची, गणेशच्या आधीची, हिवरा आश्रम या गावी दिलेली. तिनं भुरीच्या गळ्यात हात घातला आणि आधी नुसती रडली.

"माय, हे सगळे मिळून बाबाले पुन्याले धाडून राह्यले. गनेशले वाफा मोडायचा हाये, गाय इकायची हाये, घराले कुलूप लावायचं हाये. लावा म्हना! पन मी कुठं येऊ? सासरी काही झालं तं कोनाच्या दारात येऊन बसू? तू गेली तवाच अर्धं माह्येर गेलं. आता बाबा गेले तं मले ह्या गावाची गाडी पकडायचं कारनच राह्यत नाही." तिनं उरलासुरला सगळा घास कवेत घेऊन भुरीपुढे टाकला. "खाय बाई. तू तरी पोटभर खाय."

पंगत बसली. पुरणपोळी, कढी, वडे, सगळं कोकिळाबाईंच्या आवडीचं. कारभारी खाली मान घालून जेवत होते. पोळी मोडत होते, पण तोंडात फारसं जात नव्हतं.

गोकुळनं विषय काढलाच. "आत्या, आज ठरवून टाकू. बाबा आमच्यासोबत येतील. इथं एकटे किती दिवस राह्यतील? परवा ताप आला, तं मले शेजारच्या मळ्यातल्या मानसानं फोन करून सांगितलं. मी तिथं पुन्यात, काय करू शकतो?"

"बरोबर हाये," आत्या म्हणाली. "मानसाले मानूस लागते."

"अन घासाचा तुकडा आता मोडाच लागते, दादा," गणेश म्हणाला. "जुना झाला, इरळ पडला. पन मुया पार खोल गेल्या हायेत, रान भुसभुशीत झालं. आता हिरवाच गाडून टाकला नं, तं पुढच्या हळदीले वरखत टाकाचं काम नाही. मी काही माह्यासाठी नाही म्हनत. मायनंच सांगितलं होतं, घास शेवटी मातीले द्याचा असते म्हनून."

"मायनं हे बी सांगितलं होतं का, की तिचा घास मोडा अन भुरीले बजारात उभी करा?" पुष्पांजली वाढता वाढता थांबली.

"तू मधात बोलू नको, ताई."

"काऊन नको बोलू? मी काय पाव्हनी हाये?"

"पाव्हनीच हाये नं बाप्पा!" आत्या फटकन म्हणाली. "लेकीनं भावांच्या घरात लुडबुड नाही करायची."

पुष्पांजलीनं कढीचं भांडं पुढच्या ताटावरून मागे घेतलं. तिनं प्रेरणाकडे पाहिलं. प्रेरणा तोंड उघडणार होती, पण गोकुळची नजर तिच्याकडे गेली तशी ती मुकाट्यानं ताटातला भात चिवडायला लागली. बाबांनाही कुणी विचारलं नाही. म्हणजे, विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. पण निदान विचारायचं तरी!

भांडं ठेवायला पुष्पांजली मागच्या दारी आली आणि तिची नजर कोठ्याकडे गेली.

"बाबा! भुरी फुगली हो! बाबा, धावा!"

ताट तसंच टाकून कारभारी उठले. भुरी पाय फाकवून उभी होती. डावी कूस नगाऱ्यासारखी वर आलेली, तोंड उघडं, लाळ गळतेय, श्वास घेताना सगळं अंग हलतंय. कारभारींनी कुशीवर टिचकी मारली, तर नुसता पोकळ आवाज.

"बसू नको देऊ तिले! बसली का गेली!" गेल्या वर्षभरात हा आवाज कुणी ऐकला नव्हता. "गनेश, गोडंतेल आन, बाटलीत भरून! गोकुळ, दावं सोड, पुढचे पाय ह्या वट्यावर चढव. अरे बघत काय बसला, धर नं बे!"

पांढऱ्या कडक कपड्यातला गोकुळ शेणात उतरला आणि खांदा लावून त्यानं भुरीला ओट्यावर चढवलं. कारभारींनी कडुलिंबाची काडी तोडून तिच्या जबड्यात आडवी बांधली, म्हणजे ती चावत राहील आणि वारा सुटेल. मान जराशीच उचलून, तोंडाच्या कोपऱ्यातून, थोडं थोडं तेल पाजलं. "हळू, हळू माय. ठसका नको लागू देऊ." प्रेरणा मेहकरच्या जनावरांच्या डॉक्टरला फोनवर फोन करत होती, तो दुसऱ्या गावी गेलेला, निघतो म्हणाला. पुष्पांजली आणि गणेश दोघं मिळून कूस चोळत होते. पाच मिनिटांपूर्वी भांडणारी ही बहीणभावंडं, पण आता एकाचे हात थकले की दुसरा न सांगता पुढे होत होता. आत्या उंबऱ्यात बसून देवाला साकडं घालत होती.

किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. एकदा भुरीचे मागचे पाय लटपटले, तेव्हा गणेश रडायलाच लागला. "माय, जाऊ नको ओ," तो म्हणाला. तो गायीला म्हणाला की कुणाला, हे त्याचं त्यालाच माहीत.

मग भुरीनं मान लांब केली आणि मोठ्ठा ढेकर दिला. मग दुसरा. मग शेण टाकलं. कारभारी तिच्या पाठीवर कपाळ टेकवून उभेच राहिले.

डॉक्टर आला तोवर कूस उतरली होती. त्यानं इंजेक्शन दिलं आणि जाता जाता सगळ्यांना झापलं. "ओला लसूणघास, उपाशी पोटी, अन तो बी एवढा? शेतकरी हाये का कोन हाये तुम्ही?"

तो गेल्यावर खरी जुंपली.

"कोनी घातला एवढा?" गोकुळनं विचारलं.

"मी तं नावापुरता घातला," आत्या म्हणाली.

"मी दोन पेंढ्या दिल्या फक्त," प्रेरणा म्हणाली.

"कापून तं तू आनला, गनेश! तुले समजत नव्हतं?" गोकुळ त्याच्यावर उखडला.

"आत्यानं सांगितलं, मी आनला! अन तू काय कमी घातला काय? तूच लई वेळ होता आत!"

"पुष्पी शेवटी गेली होती. संपवला तं तिनंच," आत्या म्हणाली.

"हो, मीच!" पुष्पांजली उसळली. "मीच मारत होती गायीले! म्हना नं आता, म्हना!"

"पुरे."

कारभारी कोठ्याच्या दारात बसले होते. हात तेलानं माखलेले. "भांडू नका. सगळ्यायनं घातला. मी पाह्यत होतो."

कुणाला आधी कळलंच नाही.

"कुटाराच्या खोलीत होतो मी. सिंधूताई नाही म्हने, पन जनावर उपाशी कसं ठेवाचं म्हनून चोरून टोपलं भराले गेलो. तेवढ्यात ताईच आली. मंग बाहीर निघता नाही आलं. मधात कुडाची भिंत, तिच्यातून सगळं दिसते. अन ऐकू येते."

प्रेरणानं पदर तोंडाला लावला. गणेश जमिनीकडे पाहायला लागला. गोकुळ तर असा पांढरा पडला, की त्यानं आत मायला काय सांगितलं असेल याची कुणालाही शंका यावी. वर्षानुवर्षं न मोडलेली रीत मोडली होती, आणि मोडली ती घरच्या कारभाऱ्यानंच.

"सगळं ऐकलं?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

"हाव."

"मग थांबवलं काऊन नाही, बाबा?" पुष्पांजली त्यांच्यापुढे खाली बसली. तिच्या आवाजात राग होता, रडू होतं. "तुम्हाले तं ठावं होतं नं, ओला घास चालत नाही. एक हाक मारली असती!"

कारभारींनी तेलाचे हात धोतराला पुसले. "गोकुळ आला तवाच हाक मारनार होतो. तो 'माय' म्हनला अन बोलाले लागला. वर्ष झालं, पुष्पे. ह्या घरात तिच्याशी मी एकटाच बोलून राह्यलो. चहा ठेवतानी, घास कापतानी, आडवं पडल्यावर. कधी कधी वाटे, कोकिळा नावाची बाई होती तरी का, का मीच उगाच बडबडतो? अन आज एकापाठोपाठ एक येऊन तिच्याशी बोलून राह्यले. मले वाटलं, हा होऊ दे, मंग सांगतो. मंग दुसरा आला. त्याचं बी ऐकावं वाटलं. भुरी खाऊन राह्यली, मले दिसून राह्यलं होतं. तरी म्हनलं, अजून एक येईल."

आत्या डोळ्याला पदर लावून बसली.

"बाबा, चला आमच्यासोबत," गोकुळ कसाबसा म्हणाला. "म्हनूनच म्हनतो मी. असं एकटं..."

"बाबा, खरंच चला," प्रेरणा पुढे आली. ती रडत होती. "मी जे बोलले ते... मी तसं नव्हतं म्हटलं."

"तू काही वाईट नाही बोलली, बेटा. खरं बोलली. खरं बोलाले तं जातो आपून तिथं." कारभारींनी तिच्याकडे पाहून मान हलवली. काय ऐकलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि गोकुळनंही बायकोला विचारलं नाही. "मी पुन्याले येत नाही. मले इथंच बरं हाये. वाळला घास हाये वर माळ्यावर, त्याचा चुरा करून देतो, घेऊन जाय. गनेश, तू वाफा मोड. तुह्यं बराबर हाये, जुना झाला, मातीले देऊन टाक. एक वाफा ठेव फक्त."

"बाबा, राहू द्या," गणेश म्हणाला. "मले काही घाई नाही. तुम्ही नसते तं आज भुरी गेली असती. मी नाही मोडत."

"मी होतो म्हनूनच जात होती ते. मोड म्हनलं नं." मग ते पुष्पांजलीकडे वळले. "अन भुरीले तू घेऊन जाय."

"मी? अन तुम्ही इथं एकदम एकटे..."

"मानसाचा आवाज ऐकाले मी मुक्या जनावराचा जीव धोक्यात टाकला. तिले आता माह्याजवळ ठेवू नका. तू जपशील. तुह्या मायची हाये, तुले आंदन समज."

समजावून पाहिलं सगळ्यांनी. आत्यानं तर शपथ घातली. कारभारी ऐकेनात. अंधार पडायच्या आत भुरी टेम्पोत चढली आणि हिवरा आश्रमच्या वाटेला लागली; तिच्या मागोमाग गोकुळची गाडी निघाली, मागच्या सीटवर चुऱ्याचं पोतं. आत्याला गणेशनं मेहकरच्या गाडीत बसवून दिलं. कारभारी फाटकाशी उभे होते. सगळ्यांना "बरं, या" म्हणाले आणि आत गेले.

आठवडाभरानं ते हिवरा आश्रमला पुष्पांजलीच्या दारात उभे राहिले. मेहकरला गाडी बदलून आले होते. काखेत सुकवलेल्या घासाचा भारा, अंगावर धुतलेलं धोतर.

"भुरीले पाहाले आलो," दारातूनच ते म्हणाले. "हा घास. कुटारात कालवूनच देजो."

"अगं बाई, बाबा! या नं आत. पन भुरी आता घरी नाही हो. ह्यायनं तिले दवाखान्यात नेलं, गाभन हाये का पाहाले. संध्याकाळपर्यंत येईल."

"असं का?" कारभारींनी भारा ओट्यावर ठेवला आणि हात झटकले. "मंग मी निघतो. पुन्हा येईन कवा."

"निघतो काय? एवढ्या दुरून आले, पानी तरी..."

"गाय नाही तं काय बसू? तुह्या सासूबाई म्हनतील, बुढा कायले आला."

ते खरंच वळले. पायरीही उतरले. पुष्पांजली धावत मागे गेली आणि तिनं त्यांचा दंड धरला.

"बाबा, गायीसाठी आले तुम्ही?"

कारभारींनी ओट्यावरच्या भाऱ्याकडे पाहिलं.

"माह्यासाठी येता येत नाही काय तुम्हाले?"

"येता येते, बेटा." म्हातारा भर रस्त्यात रडायला लागला. "रोज येता येते. पन काय म्हनून येऊ?"

तिनं दंड सोडला नाही. तशीच त्यांना धरून आत घेऊन आली आणि सासूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "सासूबाई, माह्ये बाबा आले. राह्यनार हायेत."